निर्दोष सुटलेले आईबाप

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत घराला घर लागून असते. एखादे मूल अर्धा-अर्धा तास किंचाळू लागले, भिंतीवर डोके आपटू लागले, तर ते साऱ्या गल्लीला ऐकू जाते. मग निवाडाही गल्लीतच होतो : 'आईनं लाडावून ठेवलंय', 'बापाचा धाक न्हाई'. शाळेच्या शिक्षक-खोलीत हाच निवाडा जरा सभ्य शब्दांत होतो. हा केवळ अडाणीपणा आहे असे आपण समजतो. परंतु विसाव्या शतकात कित्येक वर्षे हाच निवाडा शास्त्राच्या नावाने दिला जात होता. तो बदलण्यात शास्त्रज्ञांइतकाच वाटा आरोपी ठरलेल्या आईबापांचा आहे.

१९४३ साली अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले स्वतःतच रमत, माणसांकडे लक्ष देत नसत आणि रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी बिथरत. आज आपण याला स्वमग्नता म्हणतो. ही अवस्था जन्मजात असावी, असे कॅनर यांना वाटले होते. मात्र या मुलांच्या आईबापांत फारसा ओलावा दिसत नाही, असेही त्यांनी नोंदवले. पुढे मूळ अनुमान मागे पडले आणि हे निरीक्षणच कारण होऊन बसले. बर्फासारख्या थंड आयांमुळे मुले अशी होतात, असे बोलले जाऊ लागले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने या मताला मोठी प्रसिद्धी दिली.

यातली तर्कदृष्ट्या चूक विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. ज्या मुलाकडून हाकेला ओ मिळत नाही, त्याची आई हळूहळू गप्प होते. म्हणजे जे कारण मानले, तो परिणाम असू शकतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून कोणती आधीची हे ठरत नाही.

याला पहिले ठोस आव्हान दिले ते एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ; त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी उपलब्ध सगळे संशोधन वाचून काढले आणि या अवस्थेचे मूळ शरीरात आहे, असे १९६४च्या पुस्तकात मांडले. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली होती. ठिकठिकाणचे पालक ती भरून त्यांना पाठवू लागले. एकेकट्याने दोष सोसणारी घरे अशी एकमेकांना सापडली आणि १९६५मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लंडनमध्ये तर १९६२मध्येच पालकांनी संस्था काढली होती. तिच्या संस्थापकांपैकी लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आईही. स्वमग्नतेची आजची व्यापक कल्पना बरीचशी त्यांच्या संशोधनातून आली.

१९६९मध्ये पालकांच्या अधिवेशनात कॅनर स्वतः उभे राहिले आणि आईबापांना आपण दोषमुक्त करतो असे त्यांनी जाहीर केले. १९७७मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ एकसारख्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. १० भिन्न जोड्यांपैकी एकीतही नव्हती. आनुवंशिकतेचा वाटा यातून स्पष्ट झाला.

आपल्याकडची वाट थोडी निराळी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्या सागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. तेथे एका घरातली माणसे दुसऱ्या घरातल्यांचे पाहून शिकू लागली. वेल्लोर येथेही १९५७पासून कुटुंबासह राहण्याची सोय होती. महाराष्ट्रात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. धुळ्याकडचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिच्या स्वमदत गटांत रुग्ण आणि घरची माणसे आपापले अनुभव सांगतात. 'देवराई' (२००४) हा चित्रपटही वाणी यांच्याच पुढाकारातून आला. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा होण्यामागे पालकसंघटनांचा रेटा होता. 'आमच्यामागे या मुलाचे कोण?' हा प्रश्न त्यांनी संसदेपर्यंत नेला.

पालक पालकाला देतो काय? धीर तर देतोच, पण आणखीही काही. अमेरिकेतील जेराल्ड पॅटर्सन यांनी १९८२मध्ये घराघरांत घडणाऱ्या एका चक्राचे वर्णन केले. मूल किंचाळते, आई हवी ती वस्तू देते, किंचाळणे थांबते. मुलाला कळते की किंचाळल्याने मिळते. आईला कळते की दिल्याने शांतता होते. दोघेही एकमेकांना नकळत शिकवतात आणि पुढच्या वेळी किंचाळणे वाढते. चक्रात अडकलेल्या माणसाला चक्र दिसत नाही. शेजारी बसलेल्या, त्यातूनच गेलेल्या दुसऱ्या आईला ते लगेच दिसते आणि तिचे सांगणे टोचत नाही.

तज्ज्ञांची वाण असलेल्या प्रदेशात अशी मदत किती पुरते, हेही तपासले गेले आहे. गोव्यातील 'संगाथ' संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांच्या पालकांवर झालेला प्रयोग २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलेही आपणहून अधिक संवाद साधू लागली. हे कार्यकर्ते पालक नव्हते, हे खरे. पण पांढऱ्या डगल्याशिवायही बरेच होऊ शकते, हे यातून दिसले.

मर्यादाही ओळखायला हव्यात. गट हा डॉक्टरला पर्याय नव्हे. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठलाच पाहिजे. कोल्हापूर भागासाठीचे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय घाटाखाली रत्नागिरीला आहे. मात्र २०२२पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. गटात ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा नियम तर पहिल्या दिवसापासून हवा.

शिवाजी पेठेला एकत्र येणे शिकवावे लागत नाही. तालीम म्हणजे निव्वळ आखाडा नव्हे. उत्सव, फुटबॉल आणि अडीनडीला धावून जाणे हे सारे तिच्यात येते. बायकांच्या भिशीत पैशांपेक्षा सुखदुःखाचीच देवघेव जास्त होते. उणीव आहे ती एवढीच की अशा मुलाची आई तेथे येणेच बंद करते. तिच्यासारखी दुसरी आई चार गल्ल्या पलीकडे असते. दोघींना एकमेकींचा पत्ता नसतो. तो बहुधा एकाच माणसाला ठाऊक असतो : दोन्ही मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाला. दोघींची संमती घेऊन त्यांची गाठ घालून द्यायला वेगळे अनुदान लागत नाही. शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवावा लागतो.