खंडशः आलेलें इंजिन

एखादी वस्तु एकदम पुरी हातीं येणें आणि तीच वस्तु तुकड्यातुकड्यांनीं येणें, यांत काय तो काळाचाच फरक आहे असें वरवर पाहणारास वाटतें. परंतु पुरी आलेली वस्तु आपण नुसती वापरतों. तुकड्यांनीं आलेली आपणांस जुळवावी लागते, आणि जुळवितां जुळवितां तिची थोडीबहुत ओळख पटते. ही ओळख कितपत खोल जाते, हा प्रश्न मात्र निराळा आहे. युरोपांत गेल्या कांहीं दशकांत जीं ‘खंडशः’ मासिकें व साप्ताहिकें निघालीं, त्यांच्या निमित्तानें या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्ट्या थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

या प्रकाशनांची तऱ्हा अशी. ठराविक मुदतीनें एक अंक निघतो. अंकाबरोबर एका पाकिटांत चारदोन सुटे भाग येतात: एखादें चाक, एखादा दांडा, मूठभर स्क्रू. अंकांत ते भाग कोठें व कसे बसवावे याचीं चित्रें असतात आणि जोडीला रेल्वेच्या इतिहासाचीं कांहीं पानें असतात. असे अनेक अंक घेत गेलें, म्हणजे टेबलावर वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृति उभी राहते. रोम येथें १९०१ सालीं स्थापन झालेली दे आगोस्तिनी ही इटालियन संस्था आणि फ्रान्सांतील हाशेत यांचीं नांवें या धंद्यांत प्रसिद्ध आहेत. पहिला अंक नाममात्र किमतीस द्यावयाचा आणि पुढील अंकांस पुरी किंमत घ्यावयाची, हा यांतला नेहमींचा रिवाज. हाशेतच्या अशाच एका मालिकेचा विषय ‘मॅलर्ड’ हा होता. ३ जुलै १९३८ रोजीं ताशीं १२६ मैलांचा वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा जागतिक उच्चांक करणारें हें निळें इंजिन आज यॉर्कच्या संग्रहालयांत विसावलें आहे. त्याची धाकटी आवृत्ति मात्र अंकाअंकानें अनेक घरांत शिरली.

खंडशः प्रकाशन हें आम्हां मराठी वाचकांस मुळींच नवें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळुणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून अंकाअंकानेंच ८४ अंकांपर्यंत गेली. १८७८ मध्यें सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’नें जुनीं काव्यें व बखरी तुकड्यातुकड्यांनींच लोकांपुढें ठेविल्या. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. वर्गणीदार हा प्राणी, त्याची चिकाटी, अंक गहाळ झाला असतां होणारी त्याची तगमग आणि शेवटीं सर्व अंक एकत्र बांधून घेतांना त्याला होणारें समाधान, हें सारें आमच्या परिचयाचें आहे. फरक एवढाच कीं, बखरीचीं चार पानें हरवलीं तरी उरलेली बखर वाचतां येते. पण दट्ट्याची गति चाकाला पोंचविणारा दांडा एका अंकांतून मिळावयाचा राहिला, तर आधींचे सर्व अंक व्यर्थ होतात. यंत्राचें ऐक्य ग्रंथाच्या ऐक्याहून अधिक निष्ठुर असतें.

आतां ज्या गोष्टीकडे आम्हांस वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे ती ही कीं, खेळण्यांतलें इंजिन खंडशः येण्याच्या कितीतरी आधीं खरें इंजिनही आमच्या देशांत खंडशःच आलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, तिच्या १४ डब्यांपुढें साहिब, सुलतान व सिंध हीं तीन इंजिनें होतीं. लँकेशायरमधील व्हल्कन फौंड्रींत घडलेल्या आठ इंजिनांच्या तुकडींतलीं तीं होत. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाला. तत्पूर्वीं विलायतेचा माल आफ्रिकेला वळसा घालून येई. अशा प्रवासासाठीं इंजिन सुटें करून, त्याचे भाग वेगवेगळे बांधून गलबतांत भरावयाचे आणि बंदरावर उतरवून पुन्हां जोडावयाचे, हीच त्या काळाची पद्धति होती. अखंड इंजिनें उचलून नेणारीं खास जहाजें १९२० नंतर निघालीं. तोंवर मुंबईच्या धक्क्यावर उतरलेलें प्रत्येक इंजिन म्हणजे प्रचंड आकाराच्या खंडशः मासिकाचा एकेक अंकच होता.

आम्ही ज्या भाईंदरांत राहतों तेथें तर रेल्वेचा पूलही असाच आला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ सालीं मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोंचला. त्याला वसईची खाडी ओलांडणें प्राप्त होतें, आणि खाडीच्या मध्यें पाणजू बेट असल्यामुळें एक नव्हे, दोन पूल बांधावे लागले. या कंपनीचे सल्लागार अभियंते कर्नल जॉन पिट केनेडी यांची युक्ति मोठी मार्मिक होती. प्रत्येक नदीसाठीं निराळा पूल कल्पिण्याऐवजीं त्यांनीं ६० फुटांचा एकच गाळा ठरविला आणि त्या मापाच्या लोखंडी तुळया विलायतेंत घडवून घेतल्या. ज्या नदीस जितके गाळे लागतील तितके जोडीत जावयाचे. एकीकडचा भाग दुसरीकडे चाले. खालचे ओतीव लोखंडाचे खांब स्क्रूप्रमाणें फिरवून चिखलांत उतरवावयाचे. या स्क्रूच्या खांबांचें पेटंट १८३३ मध्यें बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल यांनीं घेतलें होतें. आणि हे मिचेल अंध होते. ज्याला खाडी दिसली नसती अशा माणसाची कल्पना आमच्या खाडीच्या तळांत रुतून बसली, हें आम्हांस मोठें विलक्षण वाटतें. १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी याच मार्गानें गेली; १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि लोकलपुढचें वाफेचें इंजिन दिसेनासें झालें. ते मूळचे पूल आज राहिले नाहींत. पण मिठागरांच्या कडेनें खाडीकडे जाणाऱ्यास एवढें आठवावयास हरकत नाहीं कीं, येथला रेल्वेचा पहिला पूल पेट्यांतून आला होता.

येथें वाचक विचारतील: हे भाग येथेंच घडविणारा कोणी नव्हताच काय? होता, आणि तो मुंबईंतच होता. माझगांवच्या वाडिया घराण्यांतील आर्देशीर खरशेटजी (१८०८–१८७७) यांना २७ मे १८४१ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें सभासद म्हणून निवडलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या निवडपत्रांत जीं कारणें नमूद आहेत, त्यांत ६० टनांचें जहाज बांधून त्याला त्यांनीं वाफेचें यंत्र बसविलें, त्या यंत्रसामग्रीचा प्रत्येक भाग स्वतः घडविला व जोडला, याचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘प्रत्येक भाग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आगगाडी येण्याच्या बारा वर्षें आधीं मुंबईचा एक गृहस्थ केवळ जुळविणारा नव्हता, घडविणारा होता. एका माणसानें केलें तें एका कारखान्यास अशक्य नव्हतें. पण तसा कारखाना निघावा अशी इच्छा ज्यांच्या हातीं सत्ता होती त्यांस नव्हती.

तथापि जुळणीचें काम अगदींच वांझ ठरलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. इंजिनें उभीं करतां करतां व दुरुस्त करतां करतां रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांचा हात बसला. याचा पुरावा १८९५ सालीं मिळाला. त्या वर्षीं अजमेरच्या कारखान्यांत एफ ७३४ क्रमांकाचें मीटरगेज इंजिन येथल्या हातांनीं तयार झालें. हिंदुस्थानांत बनलेलें हें पहिलें इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे. आणि तें ज्या कंपनीच्या अमलाखालीं बनलें ती आमच्या खाडीवरचा पूल बांधणारीच कंपनी. पेटी उघडणारा हात पुढें स्वतः घडवूं शकतो, हें अजमेरनें सिद्ध केलें.

मग अडलें कोठें? अडलें तें आराखड्यापाशीं आणि मागणीपाशीं. इंजिन कसें असावें हें ठरविणारी मेजें लंडनला होतीं आणि कामाच्या मागण्या ग्लासगो-मँचेस्टरकडे जात. १९२१ मध्यें पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी जमशेदपुराजवळ निघाली. सरकार इंजिनें देशांत विकत घेईल या भरंवशावर ती उभी होती. मागणी आली नाहीं, संरक्षणही मिळालें नाहीं, आणि एकही इंजिन बाहेर न पडतां तो कारखाना सरकारनें घेऊन टाकला. १८६० नंतरच्या पाऊणशें वर्षांत ब्रिटननें हिंदुस्थानास सुमारें १२,००० इंजिनें पुरविलीं, तर येथें बनलेल्यांची संख्या ७०० च्या आसपास राहिली, अशी इतिहासकारांची गणना आहे. आमचा देश या काळांत वाफेच्या युगाचा वर्गणीदार होता. अंक वेळेवर येत, पैसे वेळेवर जात, मालिका मात्र संपत नसे. तिचा शेवट झाला तो चित्तरंजन येथें १९५० सालीं ‘देशबंधु’ हें इंजिन बाहेर पडलें तेव्हां. पुढें त्या कारखान्यानें २,३५१ वाफेचीं इंजिनें बनविलीं.

आतां पुन्हां टेबलावरच्या इंजिनाकडे वळूं. कारण धाकट्या इंजिनाच्या इतिहासांतही हेंच द्वंद्व दिसतें. १८९८ मध्यें पर्सिव्हल मार्शल यांनीं लंडनला ‘मॉडेल इंजिनिअर’ हें पत्र काढलें. त्यांत १९२४ पासून ‘एल. बी. एस. सी.’ या टोपण नांवाचा एक लेखक इंजिनें बनविण्याची कृति क्रमशः देऊं लागला. हीं अक्षरें ज्या रेल्वेच्या नांवाचीं आद्याक्षरें, तिच्यावर त्यानें तरुणपणीं काम केलें होतें. त्याच्या अंकाबरोबर पाकीट नसे. असे ते केवळ शब्द आणि आराखडे. चाक वाचकानें लेथवर कातावें, दांडा कानशीनें घासावा, तांब्याच्या पत्र्याचा बॉयलर स्वतः डाख लावून करावा, अशी अपेक्षा. साडेतीन इंची रुळांवर धांवणाऱ्या ‘टिच’ नांवाच्या त्याच्या चिमुकल्या इंजिनानें असंख्य नवशिक्यांना हें काम शिकविलें.

यांत जें शिकावयास मिळतें तें पाकिटांतल्या भागांत मिळत नाहीं. एकच उदाहरण देतों. साडेतीन इंची रुळांचें इंजिन खऱ्याच्या सुमारें सोळावा हिस्सा असतें. लांबी सोळावा हिस्सा झाली म्हणजे पृष्ठभाग २५६ वा हिस्सा होतो आणि पाण्याचें घनफळ ४,०९६ वा. म्हणजे पाण्याच्या मानानें उष्णता गमावणारा पृष्ठभाग सोळापट वाढतो. म्हणून खऱ्या बॉयलरचें हुबेहूब लघुरूप नीट वाफ धरीलच असें नाहीं. त्याच्या नळ्यांची संख्या व जाडी पुन्हां नव्यानें ठरवावी लागते. एवढ्या लहान बॉयलरांत कोळसा चालणार नाहीं, स्पिरिटचा दिवाच हवा, असें त्या काळचे मोठमोठे नमुनाकार म्हणत. एल. बी. एस. सी.नें अडीच इंची रुळांच्या ‘आयेशा’ नामक इंजिनांत कोळसा पेटवून जिवंत माणसें ओढून दाखविलीं आणि वाद मिटविला. तयार पाकिटांतून उभ्या राहिलेल्या बहुतेक इंजिनांत यांतलें कांहींच नसतें. बॉयलर पोकळ आणि असलीच तर आंत विजेची बारीकशी मोटर. रूप सगळें, पण जीव नाहीं.

तरीही आम्ही या पाकिटांचा निषेध करावयास बसलों नाहीं. पुण्यास कोथरूडमध्यें भाऊसाहेब जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून उभें केलेलें, १ एप्रिल १९९८ रोजीं खुलें झालेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस नमुन्याचें सामर्थ्य वेगळें सांगावयास नको. तेथील गाड्या विजेवरच धांवतात. परंतु सिग्नल, सांधे व वेळापत्रक यांची जी सांगड तेथें घातली आहे ती कोणत्याही पाकिटांतून आलेली नाहीं, ती एका माणसाच्या बुद्धींतून आलेली आहे. मुलें तेथें तोंडांत बोट घालून उभीं राहतात, आणि त्यांतलें एखादें घरीं जाऊन सांधा कसा फिरतो याचा विचार करीत बसतें. नमुन्याचें काम तेवढ्यानें झालें.

म्हणून ज्या घरांत असलें इंजिन मुलासाठीं मागवावें काय असा विचार चालला असेल, त्या घरास आमचें सांगणें थोडक्यांत असें. प्रथम सर्व अंकांची एकूण किंमत कागदावर मांडावी. पहिल्या अंकाच्या किंमतीवर जाऊं नये. मग मागवावयाचें ठरलें तर खुशाल मागवावें, कारण जुळविणें ही शिक्षणाची पहिली पायरी आहे, आणि अजमेरचे कारागीरही त्याच पायरीवरून वर चढले. मात्र प्रत्येक पाकीट उघडतांना मुलास विचारावें कीं, हा भाग खऱ्या इंजिनांत काय करतो आणि तो कशाचा व कसा बनत असेल? आणि सबंध मालिकेंत निदान एक भाग, मग ती एखादी पितळी मूठ असो वा साधा आंकडा, पाकिटांतला बाजूला ठेवून त्याच्याच हातानें कानशीनें घासून बनवून घ्यावा. तो वांकडा होईल, इतर भागांत विजोड दिसेल. पण पाहुण्यांना इंजिन दाखवितांना मूल प्रथम बोट ठेवील तें त्याच भागावर.