उपग्रह, शाळा आणि वेशीवरचा दगड

प्रादेशिक इतिहास दुरून शिकवायचा, म्हणजे नेमका कोणत्या प्रदेशाचा? दूरशिक्षणाच्या चर्चेत हा प्रश्न सहसा निघत नाही. चर्चा होते ती पडद्याची, जोडणीची आणि यंत्रांच्या किमतीची. आम्हांला वाटते, की आपल्याकडील प्रयोगांचा विचार करताना आवाज कोठून कोठे जात होता, हे आधी पाहावे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' हा प्रयोग सुरू झाला आणि वर्षभर चालला. अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता; मात्र आपल्या सीमेलगतच्या विजापूर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील गावे होती. कार्यक्रमांच्या भाषा चार : हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया. येथेच मेख आहे. प्रदेश म्हणजे भाषा, हा अर्थ यंत्रणेनेच ठरवून टाकला. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतील मुलांसमोर तीच हिंदी आली. विज्ञानाच्या धड्याचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. बेडूक राजस्थानात आणि बिहारात सारखाच असतो. इतिहासाचे तसे नाही.

त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे एक लहानसा प्रक्षेपक उभा राहिला. तेथील कार्यक्रम जिल्ह्यापुरते, गावकऱ्यांच्या बोलीत आणि बऱ्याचदा त्यांनाच सहभागी करून घेऊन होत. हा प्रयोग शाळेसाठी नव्हता आणि १९८५ मध्ये तोही थांबला. तरीही प्रादेशिक इतिहासाच्या शिक्षकाने 'साइट'पेक्षा खेड्याकडून अधिक शिकावे, असे आमचे मत आहे. आपल्याकडे पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिने मराठी मुलांच्या एका पिढीला चांगले कार्यक्रम दिले आणि २०१७ मध्ये तीही बंद झाली. परंतु तिच्याही बाबतीत सिंधुदुर्गाला आणि चंद्रपूरला एकच कार्यक्रम दिसे.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' अवकाशात गेला. केवळ शिक्षणाला वाहिलेल्या या उपग्रहाने 'परस्परसंवादी' हा शब्द शाळांपर्यंत आणला. पण उलट बोलू शकणारे केंद्र महाग आणि नुसते ऐकणारे स्वस्त. त्यामुळे अनेक प्राथमिक शाळांच्या वाट्याला ऐकणेच आले. जेथे बोलण्याची सोय होती, तेथेही संवादाची कल्पना ठरलेली होती : मुलाने विचारायचे, तज्ज्ञाने सांगायचे. गणितात हे ठीक आहे. गावच्या इतिहासात मात्र साधन विद्यार्थ्याच्या टोकाला असते, तज्ज्ञाच्या नव्हे.

वीरगळीचे उदाहरण घ्या. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, ही सर्वसाधारण रचना पुण्यात बसलेला शिक्षक सांगू शकतो. परंतु एखाद्या विशिष्ट दगडावर खाली गाई कोरलेल्या आहेत का, म्हणजे तो वीर गोधन राखताना पडला का, हे त्या गावातले मूलच पाहून सांगू शकते. शिवाय त्या मुलाच्या लेखी ती वीरगळ नसते. तो शेंदूर फासलेला देव असतो, त्याला नाव असते, नैवेद्य असतो. शिक्षकाने दिलेली संज्ञा आणि मुलाने आणलेले नाव ही दोन्ही वहीत उतरली, तरच त्याला संवाद म्हणता येईल. नाही तर तो श्रुतलेखनाचा तास.

साहित्याच्या शिक्षकांना अक्षीचा शिलालेख ठाऊक असतोच. अलिबागजवळचा हा लेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीच्या आद्य कोरीव लेखांत त्याची गणना होते. तो गधेगाळीवर आहे. दान मोडणाऱ्याला दिलेली त्यातील शिवी कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापता येणार नाही! आपल्या भाषेचा इतका जुना लिखित पुरावा वर्गात मोठ्याने वाचता येत नाही, ही गंमत दूरशिक्षणाच्या कार्यक्रमात तर अधिकच अडचणीची. दूर बसलेला शिक्षक ते वाक्य गाळतो आणि दगडापाशी उभे राहिलेले मूल नेमके त्याच चित्राबद्दल विचारते. आमच्या मते चित्र टाळू नये. जमिनीचे दान अबाधित राहावे म्हणून राजसत्तेलाही शापाचा आधार घ्यावा लागे, एवढे दहा वर्षांच्या मुलाला सांगता येते आणि ते त्याला पटतेही.

आज बहुतेक घरांत छायाचित्र काढणारा फोन आहे. त्यामुळे उलटा प्रवास २००४ पेक्षा पुष्कळ स्वस्त झाला आहे. मुलांना तीन सूचना पुरतात. दगडाला खडू किंवा पीठ चोळू नये. शेंदूर खरवडू नये. आणि छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना काढावे. झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत.