अंगातल्या विस्तवाचा इतिहास

आळशी माणसाला नावे ठेवण्याच्या कामी आपली भाषा मुळीच आळशी नाही. सुस्त, ऐदी, ढिम्म, अंगचोर! घरातली बाई दिवेलागणीलाच आडवी झाली की यांतला एखादा शब्द तिच्या कानांवर येतोच. हे सारे शब्द स्वभावाचे आहेत. माणूस मंद होतो तो मनाने, आणि त्याने मनावर घेतले तर तो चपळही होईल, असा त्यांचा भरवसा. हा भरवसा खोटा ठरायला युरोपातल्या डॉक्टरांची एक पिढी खर्ची पडली; आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घरांतून तो अजून पुरता गेलेला नाही. म्हणूनच ही हकिकत सांगावीशी वाटते.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसला लाव्हाझ्ये आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. त्या एवढ्याशा जिवाच्या उबेने किती बर्फ वितळते ते मोजले आणि त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बनी वायूशी ताडून पाहिले. श्वास घेणे म्हणजे अगदी मंद असे जळणेच, हा त्यांचा निष्कर्ष. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. ती पाहायला जमलेल्या लोकांच्या पोटात आणि त्या इंजिनाच्या पोटात एकच व्यवहार चालला होता : इंधन, प्राणवायू आणि उष्णता. पण इंजिनाचा विस्तव कमीजास्त करायला फावडे घेतलेला आगवाला उभा असतो. आपल्या अंगातला आगवाला कोण, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

तो गळ्याच्या पुढच्या भागी, कंठमण्याच्या खाली बसलेला असतो. आकार फुलपाखराचा, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. मराठी ग्रंथांत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. बोलण्यात सगळे ‘थायरॉइड’च म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार आहे. ही ग्रंथी सुजली म्हणजे होतो तो गलगंड, आणि तो सुश्रुताच्या निदानस्थानात वर्णिलेला आहे. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह सणासुदीला जरा जास्तच होतो. तो मी आवरतो. सूज ठाऊक होती. त्या ग्रंथीचा अंगातल्या उबेशी असलेला संबंध ठाऊक नव्हता.

तो उलगडला फार विचित्र रीतीने. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले. चेहरा सुजलेला, जीभ जाड, बोलणे संथ, आणि पूर्वी तरतरीत असलेले मन थंडावलेले. कारण त्यांना सांगता आले नाही. इकडे स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, थिओडोर कोखर हे नामांकित शल्यवैद्य गलगंडाचे रोगी आले की ती ग्रंथी समूळ कापून काढीत. हात मोठा सफाईचा. रोगी बरे होऊन घरी जात. पण पुढे काही वर्षांनी कोखर यांनी जुने रोगी पुन्हा बोलावून पाहिले, तेव्हा त्यांतले कितीतरी जण सुजलेले, थंड आणि मंद झालेले आढळले. अकरा वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी १८७४ साली शस्त्रक्रिया केली होती. तिची वाढच खुंटली होती. १८८३ साली त्यांनी हे सारे भर सभेत मांडले आणि संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला त्या पारितोषिकापेक्षा जुने रोगी परत बोलावण्याची ती बुद्धी मोठी वाटते.

गेलेली ग्रंथी परत कशी द्यायची? १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या पंचविशीतल्या डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढला आणि शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला टोचला. काही आठवड्यांत तिची सूज उतरली, बोलणे सुधारले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. फॉक्स नावाच्या डॉक्टरांनी तर पुढच्याच वर्षी सुई बाजूला ठेवली आणि ग्रंथी किंचित परतून मुरंब्याबरोबर खायला दिली! आमच्या शाकाहारी आळीत ही पाककृती चालली नसती. पण गुण आला, हे खरे.

तरीही विस्तवाचा पुरावा मिळायचाच होता. तो १८९५ साली जर्मनीत आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी दिला. रोग्याला उपाशीपोटी स्वस्थ पडून राहायला सांगायचे आणि तो किती प्राणवायू घेतो ते मोजायचे, एवढीच त्यांची रीत. ज्यांची ग्रंथी थकली होती त्यांचा प्राणवायू कमी भरला. जिची ग्रंथी बेफाम चालली होती, अशा माणसाचा जास्त भरला. आणि निरोगी माणसाला ग्रंथी खाऊ घातली तर त्याचाही वाढला. माझ्या मते या हकिकतीचा कणा इथे आहे. स्वस्थ पडलेल्या माणसाची इच्छाशक्ती कोणी मोजत नव्हते. मोजला जात होता तो विस्तव, आणि तो खरोखरच मंद निघाला.

पुढचे काम रसायनशास्त्रज्ञांचे. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडल यांनी त्या ग्रंथीतले द्रव्य स्फटिकरूपाने वेगळे केले, ते थायरॉक्सिन. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. १९५२ साली तीन अणूंचे भावंड सापडले, आणि खरा कर्ता तोच निघाला. यकृतासारख्या अवयवांत थायरॉक्सिनचा एक आयोडीन-अणू गळतो. उरलेले द्रव्य पेशीच्या केंद्रात शिरते आणि तिथल्या जनुकांना कामाला लावते. मग पेशीतल्या भट्ट्या वाढतात, क्षार आतबाहेर करणारे पंप जोरात चालतात, हृदय भरभर चालते, अंग गरम राहते. हे द्रव्य मुळीच नसेल तर स्वस्थ पडलेल्या शरीराचा उष्मांकांचा खर्च चाळीस टक्क्यांपर्यंत उतरतो. अतिरेक झाला तर साठ ते शंभर टक्क्यांनी चढतो. मग माणूस भरपूर खाऊनही वाळतो.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत एक शिक्षिका राहात. वैशाखातही त्या पंखा बंद करायला सांगत. वह्या तपासता तपासता डुलकी लागे, आणि घरात ‘बाईसाहेबांना आता शाळा झेपत नाही’ असे बोलणे होई. रक्ताची तपासणी झाली तेव्हा मेंदूच्या बुडाशी असलेली ग्रंथी थायरॉइडला हाकेवर हाक मारीत असल्याचे दिसले. इकडून उत्तरच नव्हते. रोज पहाटे उपाशीपोटी एक बारीक गोळी सुरू झाली, वर अर्धा तास चहाची वाट पाहणे. दोनेक महिन्यांत पंखा सुरू झाला. वजन मात्र फारसे उतरले नाही, कारण त्यातला थोडाच भाग ग्रंथीच्या नावावर असतो, बाकीचा जिलबीच्या.

आता कोणी म्हणेल, आमच्या दारी समुद्र आणि मिठागरे असताना आयोडीनची वाण कशी? भाईंदरपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत मीठ पिकत आले. आगरी हे नावच मुळी आगरावरून आलेले. पण वाफ्यात मीठ जमते तेव्हा आयोडीन त्यात फारसे येत नाही. ते मागे राहिलेल्या कडू पाण्याबरोबर आणि हवेत निघून जाते. खाडीकाठच्या माणसाला आयोडीन मिळते ते मासळीतून. आपल्या मिठात ते मुद्दाम मिसळलेले असते, आणि त्यामागे १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी सुरू केलेला प्रयोग आहे. खोऱ्याचे तीन भाग केले, दोहोंना आयोडीनचे मीठ दिले, तिसऱ्याला साधे; काही वर्षांत दोन भागांतले गलगंड ओसरले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. माणसाला रोज लागते ते १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचे सारे मिळून चार ग्रॅमही भरत नाही.

शहरातल्या पुष्कळ रोग्यांचे दुखणे मात्र मिठाशी निगडित नसते. शरीराचे स्वतःचे संरक्षक दलच ग्रंथीवर चालून जाते. १९१२ साली जपानच्या हाशिमोटो यांनी ते प्रथम वर्णिले. उलट, ज्यांचा विस्तव भडकतो त्यांच्यासाठी परळला १९६३ पासून अणुऊर्जा खात्याचे किरणोत्सारी औषधांचे केंद्र आहे. ग्रंथीला साधे आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला भेद कळत नाही; ती दोन्ही आधाशासारखी ओढून घेते. रोगी ते औषध पितो, आणि भडकलेली ग्रंथी आतल्या आत निवते.

सगळ्यांत नाजूक गोष्ट तान्ह्या बाळाची. १९८० नंतर मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो नवजात बालके तपासली, तेव्हा सुमारे अडीच हजारांत एकाची थायरॉइड जन्मतःच अपुरी निघाली. असे मूल दिसायला शांत, गुणी, फारसे न रडणारे असते, आणि आजी त्याचे कौतुकही करते. टाचेतून काढलेले रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घेऊन तपासले आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर त्याची बुद्धी शाबूत राहते. ही तपासणी आपल्या देशात अजून प्रत्येक बाळाची होत नाही. ती करता का, हे प्रसूतिगृहात नाव घालतानाच विचारावे लागते.