ट्रॅक्टरच्या पाठीवरचे ओझे

आमच्या नागोठण्याच्या भातखाचरांत ट्रॉली जात नाही, बांध आडवे येतात. म्हणून पुतण्याने ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांवर लोखंडी प्लॅटफॉर्म बसवला, खताच्या गोण्या न्यायला.

या दांड्या हॅरी फर्ग्युसनच्या डोक्यातून निघालेल्या. हा आयर्लंडमधला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. त्या काळी नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटत असे. फर्ग्युसनने नांगर खाली दोन आणि वर एक अशा दांड्यांनी जोडला. नांगर अडला की वरची दांडी पुढे रेटते आणि पुढची चाके जमिनीला दाबली जातात. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही रचना आली आणि पुढे जगभर पसरली.

पण दांड्यांवर नुसते ओझे टांगले की उलटेच होते. वरची दांडी रेटण्याऐवजी ओढते, पुढची चाके हलकी होतात.

आमच्या प्लॅटफॉर्मचा कान तडकला, तेव्हा पुतण्याने जाड चॅनल वेल्ड करून घेतले आणि जास्त गोण्या मावाव्यात म्हणून तो फूटभर लांबही केला. मजबूत झाला खरा! पण बांध चढताना पुढची चाके वीतभर उचलली गेली. स्टिअरिंग फिरत होते, ट्रॅक्टर वळत नव्हता, आणि मागे गोण्यांवर नातू बसलेला. तरफ मी वर्गात पहार घेऊन शिकवली आहे. मलाही आधी सुचले नाही.

वाढवलेला फूट कापला, पुढे वजने लावली. गोण्या आता ट्रॅक्टरला चिकटून रचतो. वर कोणी बसत नाही. कापलेला तुकडा पडवीत पडून आहे. पुतण्या म्हणतो, "असू दे काका, लागेल कधीतरी."