पाटी, फळा आणि पेनचा टॅब्लेट

"तुझ्या कॉम्प्युटरमधलं काहीतरी लिही," असा समितीचा निरोप आला आणि मला आठवला दहावी 'ब'चा फळा. भूमितीच्या तासाला सरांनी पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करायला मला उभं केलं होतं. कर्णावर लंब टाकला, पण पुढे कोणते त्रिकोण समरूप घ्यायचे ते सुचेना. खडू हातात तसाच. मागून कोणीतरी हसलं. (कोण ते मला माहीत आहे; तो आता समितीतच आहे!)

संगणकावर लेखणीने लिहायची धडपड आपल्या जन्माच्या आधीपासूनची. १९६४ मध्ये अमेरिकेत 'रँड टॅब्लेट' आली, पण ती प्रयोगशाळेतली. १९७२ मध्ये ॲलन के यांनी 'डायनाबुक'चा आराखडा मांडला: वहीएवढा, मुलांच्या हातात देण्यासारखा संगणक. तो तसा कधी बनलाच नाही. १९९३ चा ॲपलचा 'न्यूटन' हस्ताक्षर वाचताना इतका चुकायचा की त्याची टिंगलच झाली.

मी नोकरीला लागले त्या सुमारास, नोव्हेंबर २००२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने टॅब्लेट पीसी बाजारात आणला. आम्हा इंजिनिअर लोकांना अप्रूप होतं ते पडद्यामागच्या तारांच्या जाळीचं. ती फक्त पेनला ओळखायची, त्यामुळे वहीवर टेकवावा तसा हात टेकवून लिहिता यायचं. शिवाय प्रत्येक रेघ ज्या क्रमाने ओढली त्या क्रमाने साठवता येत होती. अपूर्णांक किंवा बेंझीनचं कडं कीबोर्डवर टाइप करून बघा, म्हणजे शिक्षकांना पेन का हवं होतं ते कळेल. तयार स्लाइडवर उत्तर एकदम समोर येतं. हाताने लिहिताना ते कसं आलं तेही दिसतं.

वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 'क्लासरूम प्रेझेंटर' नावाचं सॉफ्टवेअर केलं. मुलं आपल्या टॅब्लेटवर गणित सोडवून पाठवत आणि शिक्षक त्यातली निवडक उत्तरं, चुकलेलीसुद्धा, नाव न दाखवता पडद्यावर आणत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे आपल्या वर्गात असतं तर!

आपल्याकडे २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला 'आकाश' आणला. किंमत सुमारे २,२५० रुपये, पडदा दाबून चालणारा. त्यावर सलग लिहिणं म्हणजे ओल्या पाटीवर पेन्सिल घासणं. पुढे २०२० मध्ये शाळा घरात आल्या, तेव्हा पुण्यातल्या एका शिक्षिकेचा फोटो सगळीकडे फिरला: कपड्यांच्या हँगरला मोबाइल टांगून त्या फळ्यावर शिकवत होत्या. मुलांना लिहिणारा हात दिसावा, एवढ्यासाठीच तो खटाटोप. तो फोटो मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

कारण त्या दिवशी सरांनी मला जागेवर पाठवलं नव्हतं. "इथपर्यंत बरोबर आहे ना?" असं त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं. मग एकेक जण एकेक पायरी सांगत गेला आणि मी लिहीत गेले. हसणाऱ्यानेही एक सांगितली, तीही चुकीची. नाव झाकलं असतं तर माझी लाज वाचली असती, पण ते प्रमेय आम्हा सगळ्यांचं झालं नसतं. मी स्वतः सॉफ्टवेअर बनवते, तरी यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

सर, मेळाव्याला येताना खडू मी घेऊन येते. तुम्ही फक्त फळ्याजवळ उभे राहा.