वाटाड्याचे नाव

'सफारी' हा शब्द मराठीत इंग्रजीच्या मागोमाग आला असे आपण समजतो. परंतु त्याचे सख्खे भावंड त्यापूर्वीच आपल्या घरात नांदत होते. अरबीतला 'सफर' फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आला. सिंदबादच्या सात सफरी आपण शाळेच्या वयात वाचल्या त्या याच शब्दाच्या बळावर. तोच शब्द अरबी गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला. (या किनाऱ्याशी आपले शब्दांचे नाते तसे जुनेच. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', मोटारीला 'गारी' आणि बर्फाला 'बराफू' म्हणतात.) स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. दूरगावच्या नातलगांना भेटायला जाणे हीही सफारीच, आणि निघणाऱ्याला 'सफारी न्जेमा', म्हणजे प्रवास सुखाचा होवो, असे म्हणायची रीत आहे. त्यात ना बंदूक आहे, ना दुर्बीण, ना सिंह.

अर्थाचा हा संकोच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय प्रवाशांच्या लेखणीतून सुरू झाला आणि विसाव्याच्या आरंभी पुरा झाला. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरताच मोंबासाला आले आणि शेकडो हमाल घेऊन शिकारीला निघाले. त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली. हा आकडा रूझवेल्ट यांनी स्वतःच छापलेल्या यादीतून येतो, तेव्हा त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नसावे. ओझे वाहणाऱ्यांची यादी मात्र त्या तपशिलाने कोणी छापली नाही.

प्रवासवर्णन शिकवताना आम्हांला वारंवार जाणवलेली गोष्ट हीच. प्रवासी 'पाहतो', 'शोधतो', 'पोहोचतो'; त्याच्या पुढे चार पावले चालणारा वाटाड्या वाक्याच्या कडेला उभा असतो, बहुधा बिननावाचा. रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमा जिथे मिळतात त्या विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत आणि जवळच्या ब्विंडीच्या अरण्यात आज जगभरचे लोक डोंगरी गोरिला पाहायला चालत जातात. या पायपिटीचा इतिहास वाटाड्याच्या बाजूने वाचता येतो का, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

'गोरिला' हा शब्दच मुळी वाटाड्याची देणगी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास कार्थेजचा हॅनो हा दर्यावर्दी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने गेला. त्याच्या प्रवासाचा जो छोटा ग्रीक वृत्तान्त उरला आहे, त्यात एका बेटावर अंगभर केस असलेली माणसे दिसल्याची नोंद आहे. हॅनोच्या लोकांनी तीन माद्या पकडल्या, त्या आवरेनात म्हणून मारल्या, कातडी सोलली आणि ती कार्थेजला नेली. त्यांना काय म्हणतात हे सांगितले ते सोबतच्या दुभाष्यांनी. ते प्राणी खरोखर कोण होते याचा उलगडा आजही होत नाही. पण १८४७ मध्ये थॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनऱ्याने पश्चिम आफ्रिकेतल्या एका अज्ञात वानराचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा नाव घेतले ते त्या जुन्या दुभाष्यांच्या तोंडचे. सुमारे अडीच हजार वर्षे टिकलेला शब्द, आणि तो उच्चारणारे 'दुभाषे' एवढेच!

डोंगरी गोरिलाचे तर नावही मारेकऱ्याचे. १७ ऑक्टोबर १९०२ रोजी रोबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने विरुंगातील साबिन्यो शिखराच्या उतारावर दोन गोरिला टिपले. एकाचे अवशेष बर्लिनला गेले, आणि पुढच्या वर्षी या जातीस 'बेरिंगेई' ही संज्ञा मिळाली. शास्त्राच्या दृष्टीने प्राणी त्या दिवशी जन्माला आला. त्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना तो माहीत होता, हे शास्त्रीय नामकरणाच्या नियमांत बसत नाही.

१९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी कार्ल एकली तिथे गेला. प्राणी मारून त्यांचे हुबेहूब देखावे उभे करणारा हा कलावंत. चालत्या चित्रांचा कॅमेराही त्याने स्वतः घडवला होता. त्याच्या तुकडीने पाच गोरिला मिळवले, म्हणजे मारले. त्या तुकडीत मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली ही लेखिका आणि तिची सहा वर्षांची मुलगी ॲलिस होती. हीच ॲलिस पुढे 'जेम्स टिपट्री ज्युनिअर' असे पुरुषी टोपणनाव घेऊन विज्ञानकथा लिहू लागली आणि हे लेखन स्त्रीचे आहे हे कैक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. कोणी कोणाच्या नजरेने पाहायचे, परका म्हणजे कोण, हे प्रश्न तिच्या कथांतून सतत येतात. ते सगळे विरुंगाच्या उतारावर सुरू झाले असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. पण विद्यार्थ्यांनी तो करून पाहावा.

एकलीचे मन मात्र पालटले. आपण मारलेल्या नराच्या चेहऱ्याने त्याला अस्वस्थ केले, आणि त्याने बेल्जियमचा राजा आल्बर्ट याच्याकडे या डोंगरांसाठी अभयारण्याचा आग्रह धरला. १९२५ मध्ये बेल्जियन काँगोत आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पुढच्याच वर्षी पुन्हा तिथे गेला असता एकली मिकेनो पर्वतावर वारला आणि तिथेच त्याला पुरले. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काचेआड एक गोरिला आजही छाती ठोकत उभा आहे. म्हणजे जतन करण्याची कल्पना शिकाऱ्याच्या पश्चात्तापातून आली. पश्चात्ताप खरा होता याबद्दल आम्हांला शंका नाही. परंतु त्यातून जी सीमारेषा आखली गेली, तिच्या आत कोण राहत होते, हा प्रश्न पश्चात्ताप करणाऱ्यास पडत नसतो.

जॉर्ज शॅलरने १९५९-६० मध्ये, बंदुकीच्या भरवशावर न राहता, काबारा येथे गोरिलांच्या कळपांजवळ राहून दाखवले तेव्हा शंभर वर्षांचे एक बाड कोसळले. १८६१ च्या पॉल द्यू शाय्यूच्या ग्रंथापासून १९३३ च्या 'किंग काँग' चित्रपटापर्यंत पोसलेला तो नरभक्षक राक्षस प्रत्यक्षात पाला खाणारा, दुपारी वामकुक्षी करणारा, रोज संध्याकाळी नवे अंथरूण घालणारा कुटुंबवत्सल प्राणी निघाला. १९६७ मध्ये डायन फॉसी त्याच काबाऱ्यात आली. तिला माग काढायला शिकवणारा सन्वेक्वे हा काँगोतला वाटाड्या त्यापूर्वी शॅलरबरोबरही फिरलेला होता. चिरडलेला पाला कोणत्या दिशेला कलला आहे, विष्ठा किती ताजी आहे, हे वाचणे म्हणजे एक लिपीच. ती फॉसीला लिहिलेली मिळाली नाही, चालून मिळाली. फॉसीने त्याचे नाव नोंदवले, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. काँगोतील यादवीमुळे तिला लवकरच तेथून निघावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रवांडाच्या बाजूला करिसिम्बी व विसोके या दोन पर्वतांची नावे जोडून तिने 'करिसोके' हे केंद्र उभारले.

इथे ज्ञानाची एक विचित्र विभागणी होते. या अरण्यांत सर्वांत जुने रहिवासी म्हणजे बात्वा लोक (एक असेल तर 'मुत्वा', अनेक असले की 'बात्वा', बांटू भाषांत वचन शब्दाच्या शेपटाला नव्हे, डोक्याला लागते). शिकार आणि मध यांवर जगणारी ही माणसे. हरणांसाठी लावलेल्या त्यांच्या फासात गोरिलाचा हात अडके आणि तो सडून मरे, हे खरे. फॉसीने फास तोडले, लावणाऱ्यांचा पाठलाग केला. मागाचे तेच वाचन संशोधकापुढे चालताना कौशल्य ठरले आणि पोटासाठी वापरताना गुन्हा. १९७७ च्या अखेरच्या दिवशी डिजिट नावाचा तिचा लाडका नर मारला गेला. त्याचे डोके आणि हात कापून नेले होते. त्याच डिजिटचे चित्र रवांडाच्या पर्यटन खात्याने भित्तिपत्रकावर छापले होते. १९८५ च्या डिसेंबरात फॉसीचाही तिच्या झोपडीत खून झाला.

पर्यटन फॉसीला नको होते. पण तोवर अरण्याचा मोठा तुकडा कीटकनाशकासाठी लागणाऱ्या पायरेथ्रमच्या फुलांच्या लागवडीने गिळला होता आणि आणखी तुकड्यावर गुरे चारण्याची योजना पुढे येत होती. बिल वेबर आणि एमी व्हेडर यांनी हिशेब मांडला की जिवंत गोरिला गुरांहून अधिक उत्पन्न देईल. १९७९ पासून थोड्या पाहुण्यांना, थोडा वेळ, पैसे घेऊन नेण्याची पद्धत सुरू झाली. आजच्या पायपिटीचा साचा तिथला. माग काढणारे पहाटे पुढे जातात, काल संध्याकाळी कळप जिथे सोडला तिथून रात्रीची अंथरुणे गाठतात आणि बिनतारी यंत्रावरून मागच्यांना दिशा सांगतात. एका कळपाजवळ दिवसातून एकदाच जास्तीत जास्त आठ पाहुणे, आणि एकच तास. जवळ गेल्यावर वाटाड्या घसा खाकरल्यासारखा खोल आवाज काढतो. गोरिलांच्या बोलीत त्याचा अर्थ 'सारे ठीक आहे'. कळपाला माणसांची सवय व्हायला दोनेक वर्षे आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो, आणि तेवढे दिवस रोज कोणीतरी त्याच्यामागे जाऊन बसावे लागते. पाहुण्याचा एक तास या हजार दिवसांवर उभा असतो.

प्रयोग फसला असे म्हणणे मात्र खोटे होईल. १९८० च्या सुमारास विरुंगात अडीचशेच्या आसपास उरलेले गोरिला २०१५-१६ च्या गणनेत ६०४ भरले. २०१८ च्या गणनेतले ब्विंडीकडचे ४५९ धरून एकूण १,०६३. मधल्या काळात १९९४ चा रवांडातील नरसंहार झाला, १९९९ मध्ये ब्विंडीत आठ परदेशी पर्यटक मारले गेले, आणि काँगोच्या विरुंगा उद्यानात आजवर दोनशेहून अधिक रक्षकांनी प्राण गमावले. रवांडाने २०१७ मध्ये एका तासाचे शुल्क दुप्पट करून १,५०० डॉलर केले आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला गावांचा वाटा पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेला. २००५ पासून तिथे बहुतेक दरवर्षी 'क्विता इझिना' हा सोहळा होतो. त्या वर्षी जन्मलेल्या गोरिला-पिल्लांचे चक्क बारसे! रवांडातील मुलांच्या नामकरणाच्या रीतीवर तो बेतला आहे, आणि नावे ठेवायला देशोदेशींचे मान्यवर येतात.

नावांच्या या समृद्धीत एक गोष्ट खुपत राहते. युगांडाने १९९१ मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा ही राष्ट्रीय उद्याने घोषित केली, आणि बात्वा त्या अरण्यांबाहेर पडले. बहुतेकांना ना जमीन मिळाली ना मोबदला. जमिनीवर हक्क सांगायला शेत लागते, आणि यांची शेते नव्हती, अरण्य होते. दोन वर्षांनी ब्विंडीत गोरिला पाहणे सुरू झाले. बात्वांनी २०१३ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि भरपाई ठरवण्याचे काम काबाले येथील उच्च न्यायालयाकडे सोपवले. हद्दपारी आणि हा कौल यांमध्ये तीस वर्षे गेली. अरण्यात जन्मून बाहेर म्हातारे झालेल्यांचे आयुष्यच ते.

म्गाहिंगात २०११ पासून 'बात्वा वाट' नावाची एक सहल आहे. तिथे वाटाडे बात्वाच असतात. आग कशी पेटवायची, मध कुठे शोधायचा, कोणता पाला कशावर औषध, हे ते पाहुण्यांना करून दाखवतात. त्यासाठी त्यांना आत जाता येते. शेवटी लाव्हारसाने घडलेल्या गारामा नावाच्या गुहेत पाहुण्यांना नेतात. आत मिट्ट काळोख असतो, आणि त्या काळोखात बात्वा गातात. गाणे संपल्यावर सगळे उजेडात येतात. पाहुणे गाडीकडे जातात, आणि गाणारे उद्यानाच्या हद्दीबाहेर, आपल्या वस्तीकडे.