गॉल्फमधील लघुखेळ

गॉल्फमधील लघुखेळ : गॉल्फमध्ये खळग्यापासून सुमारे १०० यार्डांच्या (सु. ९१ मी.) आत मारावयाच्या फटक्यांना लघुखेळ म्हणतात. चेंडू उंच उडवून ग्रीनवर टाकणारा पिच, थोडा उडवून पुढे घरंगळत नेणारा चिप, बंकरमधील वाळूतून काढण्याचा फटका आणि ग्रीनवरील पटिंग हे त्याचे मुख्य प्रकार होत. २५० यार्डांचा टोला व वीतभर अंतराचा पट यांची गणना सारखीच, म्हणजे एकेक फटका अशी होते. १८ खळग्यांच्या ७२ प्रमाण फटक्यांपैकी ३६ पटिंगसाठी धरलेले असतात. असे असूनही हौशी खेळाडूंचा बराचसा सराव दूरच्या टोल्यांवरच खर्ची पडतो.

आरंभी या फटक्यांसाठी वेगळी राखलेली जागाच नव्हती. एडिंबरोजवळील लीथच्या १७४४ मधील नियमांनुसार पुढच्या खळग्याकडे मारावयाचा चेंडू मागील खळग्यापासून एका काठीच्या लांबीच्या आतच ठेवावा लागे. त्यामुळे खळग्याभोवतालची जमीन पायांखाली तुडवली जाई. पुढे सुरुवातीच्या फटक्याची जागा वेगळी झाली व ग्रीनची निगा राखणे शक्य झाले. खळग्याचा ४१/४ इंच (१०.८ सेंमी.) हा व्यास १८९१ मध्ये ठरला. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आड आल्यास त्याला वळसा घालण्यास किंवा त्यावरून उडवून नेण्यास भाग पाडणारा ‘स्टायमी’ १९५२ मध्ये रद्द झाला.

साधनांत मोठा बदल जीन साराझेनने केला. वेजच्या तळाला जास्तीची धातू जोडल्यास ती वाळूत रुतत नाही, हे त्याने ओळखले व १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा अशी काठी वापरून जिंकली. तेव्हापासून बंकरमध्ये चेंडूला न मारता त्याच्या किंचित मागील वाळूवर आघात करण्याची पद्धत रूढ झाली.

भारतात कलकत्त्यात १८२९ मध्ये व मुंबईत १८४२ मध्ये गॉल्फ क्लब निघाले. खालापूरलगतच्या पनवेल तालुक्यात खारघर येथे सिडकोने क्रीडांगण उभारले आहे. कोकणातील पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीवर चेंडू पुरेसा घरंगळत नाही. म्हणून चिपऐवजी पिच मारणे श्रेयस्कर ठरते. उन्हाळ्यात जमीन कडक होताच हा हिशेब उलटतो.

क्लबांचे सदस्यत्व महाग असल्याने खेळाचा लाभ मोजक्यांनाच मिळाला. काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी मात्र रोज पाहून खेळ शिकले. मुंबईत चेंबूरच्या क्रीडांगणालगतच्या वस्तीत कॅडी व मुले बांधकामाच्या सळया वाकवून त्यांच्या काठ्या करीत व प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांतून खेळत. तेथे दूरचा टोला मारण्यास जागाच नसल्याने हा खेळ म्हणजे निव्वळ लघुखेळच होय. नेमकेपणाची अशी तालीम प्रशस्त मैदानावरही सहसा घडत नाही.

लघुखेळ किती निर्णायक ठरतो, हे ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे झालेल्या प्रेसिडेंट्‌स चषक स्पर्धेत दिसून आले. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने अखेरच्या खळग्यावर उत्तम चिप मारून चेंडू अगदी जवळ आणला होता. प्रतिस्पर्धी ख्रिस कर्कने त्याहून बराच लांबचा पट साधला. लाहिरीचा मीटरभराचा पट मात्र हुकला आणि तो सामना त्याने एका खळग्याने गमावला. अमेरिकेने ती स्पर्धा १५१/२–१४१/२ अशी, एका गुणाच्या फरकाने जिंकली.